वेळ काय झाली होती?

साप निघाला की माणसं पळतात; नोंदकाका घड्याळ बघतात.

पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. वॉचमन खुर्चीवर चढला, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीतूनच सर्पमित्राला फोन लावला, मुलं ‘नाग, नाग’ करत जिन्याने वर पळाली. नोंदकाका पायजम्यावर खाली आले. “बिनविषारी आहे, उंदीर खायला आलीय, कोणी हात लावू नका,” एवढ्यात त्यांनी धामणीचा विषय संपवला आणि खुर्चीवरच्या वॉचमनला विचारलं, “दिसली तेव्हा वेळ काय झाली होती?”

“आत्ताच, साहेब.”

“आत्ता म्हणजे?”

वॉचमनला जीव हवा होता, काकांना मिनिटं. धामण दोघांनाही कंटाळून गटारात गेली. वहीत नोंद झाली, ‘सायं. ७.०५ (अंदाजे)’. त्या कंसातल्या शब्दापायी काका पुढचे कित्येक दिवस वॉचमनशी धड बोलले नाहीत.

कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत असे एक गृहस्थ असतातच. बँकेतून निवृत्त, गळ्यात दुर्बीण, हातात मुलाच्या शाळेतली उरलेली दोनशेपानी वही. बँकेत कधी एका पैशाचा फरक राहिला नाही, तो आता कावळ्यांत कसा राहू द्यायचा?

मी घरी बसून लिहितो, म्हणजे काकांच्या मते मोकळाच असतो. वाक्य जमत आलं की बेल वाजते.

“अहो लेखक, सव्वाअकराला तुमच्या खिडकीबाहेरच्या कुंडीत शिंपी होता. पाहिलात?”

“नाही.”

“खिडकीतच तर बसला होतात. करत काय होता मग?”

“लिहीत होतो.”

काकांनी वही उघडली, ‘साक्षीदार नाही’ असं लिहिलं आणि गेले. पानं शिवून घरटं करणारा तो पक्षी त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त काम करून गेला असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

मे महिन्यात कावळ्याने सेक्रेटरींच्या टकलावर टोच मारली. सेक्रेटरी रुमाल दाबून उभे, काका पेन सरसावून. वेळ लिहून झाली. मग टोच डावीकडून की उजवीकडून, हे विचारून झालं. मग काकांनी समजूत घातली, “घरट्यात पिल्लू आहे हो त्याचं, बापाचं काळीज!” आणि दोन पावलं पुढे जाऊन परत वळले. “अर्थात ते पिल्लू कोकिळेचंही असू शकतं.” दुसऱ्याच्या पोरासाठी आपलं डोकं फुटलं, ही शक्यता सेक्रेटरींना फारच लागली. सोसायटीच्या राजकारणाची सुरुवात तिथून झाली, असं माझं मत आहे.

पितृपक्षात तर काका गच्चीवर हजरच. ए विंगमधल्या कुटुंबाने पान ठेवलं होतं, कावळा येईना. आजोबांची कोणती इच्छा राहिली यावर कुजबुज चालू होती. शेवटी एकदाचा आला. सगळ्यांनी हात जोडले आणि मागून आवाज आला, “बारा वीस. पण हा डोमकावळा आहे. गावकावळ्याची मान राखाडी असते.”

“असू दे,” आजी म्हणाल्या, “हेही काही गोरे नव्हते.”

एकदा मी वैतागून म्हणालो की, काका, या नोंदींचं होणार काय? त्यांनी थेट सलीम अली काढले. नोकरी नव्हती तेव्हा ते किहीमला जाऊन राहिले, शिडीवर लपून सुगरणींची घरटी न्याहाळत बसले, त्यातून केवढं काम उभं राहिलं! काकू आतून म्हणाल्या, “त्यांची स्वतःची शिडी होती. हे माझ्या स्वयंपाकघरातलं स्टूल नेतात.”

त्या दिवशी काका चष्मा शोधायला आत गेले आणि मी वही चाळली. अक्षर बँकेतलं, समास आखलेला. मधेच एका पानावर दिसलं: ‘रात्री २.१०. पिंगळा ओरडला, दोनदा. बी विंग, लेखकांच्या खिडकीत दिवा. दिवाळी अंकाचं काम असावं. कालही होता. प्रकृती सांभाळायला हवी.’ माझ्या जागरणाची दखल संपादकांनीही कधी घेतलेली नाही. वही होती तशी ठेवली. तेव्हापासून बेल वाजली की मी मनातल्या मनात चरफडतो, उघडपणे नाही.

आता आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. सभेत विकसकाच्या माणसाने गुळगुळीत माहितीपत्रक वाटलं. ‘निसर्गाच्या कुशीत’ असं वर छापलेलं आणि गच्चीवरच्या बागेत लाल-निळ्या मकावांची जोडी. काका उठले. “हे दक्षिण अमेरिकेतले. आपल्याकडे कोणत्या विंगला दिसले, आणि वेळ काय झाली होती?”

हशा झाला. काका बसले नाहीत. वही उघडून कुंपणाजवळच्या जुन्या शिरीषाबद्दल वाचू लागले. त्याच्या ढोलीत राखी धनेशाची मादी बसते, ढोलीचं तोंड स्वतःच लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. मग नर उंबरं-पिंपळाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. त्याला काही झालं, तर आतल्यांचं कठीण. कोणत्या उन्हाळ्यात नर किती वाजता आला, सगळं होतं. सेक्रेटरींनी टकलावरून हात फिरवला आणि विषयपत्रिकेकडे बोट दाखवलं.

“पोडियमवर आम्ही कृत्रिम घरटी देऊ, सर,” विकसकाचा माणूस म्हणाला.

“ताबा कधी?”

“छत्तीस महिने.”

“मादी दर उन्हाळ्यात आत बसते. मधल्या काळाचं भाडं फक्त सभासदांनाच का?”

वृक्ष अधिकाऱ्याची नोटीस लागली की १९७५च्या कायद्याखाली हरकत घ्यायची, म्हणून काकांनी वहीतली पानं झेरॉक्स करून ठेवली आहेत. काकूंनी त्यांना फाइल आणून दिली. सभेचं इतिवृत्त परवा फलकावर लागलं. त्यात लिहिलं आहे, ‘एका सभासदांनी पक्ष्यांविषयी उपयुक्त माहिती दिली. सभेने त्यांचे आभार मानले.’