कमी खर्चात गांजाची शेती : नवख्यांसाठी पीकसल्ला

गुलबर्ग्याच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीला क्विंटलमागे 8000 रुपये हमीभावही जाहीर झाला. मर रोगाला आणि रानडुकरांना मात्र हे अजून कुणी कळवलेलं नाही. अशा वेळी औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात पारावर कुणीतरी हळूच म्हणतं, ‘तुरीत दोन ओळी टाक की. खत नको, फवारणी नको, गिऱ्हाईक बांधावर येतंय.’ हे ऐकून ज्याचे कान टवकारले त्या होतकरू शेतकऱ्यासाठी हा सल्ला.

जमिनीची निवड आधी करावी. ती काळी की बिदरची तांबडी, याला फारसं महत्त्व नाही. ती कुणाच्या नावावर आहे, यालाच सगळं महत्त्व. बी आणून देणारा, उचल देणारा, सीमेपलीकडून उमरग्याच्या बाजूने मोटारसायकलवर येऊन ‘माल आपण उचलतो’ म्हणणारा, यांपैकी कुणाचंही नाव पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात नसतं. तुमचं असतं. सोबत सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि कर्जाचा बोजाही. पोलिसांचा इतका वेळ वाचवणारा कागद दुसरा नाही. वाटण्या होऊनही पहाणीवर तिन्ही भावांची नावं तशीच राहिली असतील तर सोन्याहून पिवळं; बोलणं बंद असलेले भाऊ एका गाडीत बसून ठाण्यात जातील.

बियाणं रयत संपर्क केंद्रात सवलतीत मागू नये. पीक सर्वेक्षणाचा पोरगा मोबाईल घेऊन आला, तर त्याच्या यादीत तूर, सोयाबीन, उडीद, ऊस सगळं सापडेल, आपलं पीक तेवढं सापडणार नाही. त्यामुळे विमा नाही, नुकसानभरपाई नाही. कमी खर्चाच्या शेतीत एवढं सोसावं लागतं.

उंच तुरीत झाड दिसत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. पोलिसांचाही तोच असल्यामुळे ते आधी तुरीतच शिरतात.

राखणीला गडी ठेवण्याची गरज नाही, तो खर्च सरकारने वाचवला आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याचं 46 वं कलम सांगतं की आपल्या जमिनीत असं झाड असेल तर जमीनधारकाने स्वतःच ताबडतोब कळवायचं. 47 व्या कलमाने तीच जबाबदारी सरकारी अधिकाऱ्यांवर, पंच-सरपंचांवर टाकली आहे. त्याउपर ज्याचा बांध तुम्ही दरसाल वितभर कोरता तो शेजारी आहेच. तो रात्रीही जागा असतो.

‘चारच तर झाडं आहेत’ हा हिशेब नवख्याचा. एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या पुढे व्यापारी, ही मापं जवळ सापडलेल्या गांजासाठी. लागवडीला 20 व्या कलमात किलोचा हिशेबच नाही. एक झाड लावलं तरी ती लागवडच : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

काढणी मात्र अगदी फुकट होते. पंच येतात, तराजू येतो, झाडं मुळासकट उपटली जातात. झटकली तरी मुळांना थोडी काळी माती राहतेच. मग ओली झाडं जुडग्याने काट्यावर चढतात आणि वजन पंचनाम्यात जातं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बी त्यात धरत नाहीत. मग देठ, मुळं आणि माती कुणाच्या खाती, यावर तुमचे वकील पुढे कोर्टात बोलत राहतील. जन्मभर शेतीमालाच्या वजनात घट धरली म्हणून अडत्याशी भांडलेला माणूस इथे पहिल्यांदाच घट मिळावी म्हणून हात जोडतो.

बाजारपेठेचंही सांगायला हवं. सप्टेंबर 2020 मध्ये बेंगळुरूच्या पोलिसांनी कलबुर्गी जिल्ह्यात काळगी भागात मेंढ्यांच्या एका फार्मवर जमिनीखाली लपवलेला सुमारे 1350 किलो गांजा पकडला. तो ओडिशातून आल्याचं सांगण्यात आलं. धंदा तुमच्या दोन ओळींवाचून अडलेला नाही. पकडायला मात्र त्या दोन ओळी फार सोयीच्या.

शेवटी भांडवल. वकिलाची फी, तारखेला जाण्याचं एसटी भाडं आणि जामीनदार एवढी तजवीज पेरणीपूर्वीच करून ठेवावी. जामीनदाराला आपली ऐपत दाखवायची तर त्याचीही पहाणी लागते, आणि ती कोऱ्या, बिनबोजाच्या जमिनीची असलेली बरी. गावात तशी जमीन बहुधा त्या बांधावरच्या शेजाऱ्याचीच असते.