पाटी आणि पट

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की शाळा सुटली, असं ज्याला वाटतं तो अजून पालक झालेला नसतो. पालक झाल्यावर शाळा पुन्हा भरते; आधी मुलांची, आणि मग त्यांच्या चौकशांपायी आपली स्वतःची. माझी लेक पुण्याच्या हुजूरपागेत जाते. ‘माझ्या आईची शाळा’ असा निबंध तिला लिहायचा होता आणि ऐकीव माहितीवर लिहायची तिची तयारी नव्हती. म्हणून आम्ही दोघी डेक्कन क्वीननं मुंबईला निघालो.

माझी शाळा माझगावची, सर एली कदूरी. आम्ही बेने इस्राएल ज्यू. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. आमच्या पोरांनी शिकावं म्हणून हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली इस्राएलाइट स्कूल काढलं. तिथं मराठी होती, इंग्रजी होती आणि हिब्रूही. त्या काळच्या वह्यांत मराठी डावीकडून निघत असेल, हिब्रू उजवीकडून, आणि अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या विहिणींसारख्या दोघी पानाच्या मधोमध थबकत असतील. पुढे हाँगकाँग-शांघायचे धनिक एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचं नाव मिळालं. केहिमकरांनी शाळेपायी हयात घालवली, पण पाटीवर ते नाहीत.

यात वाईट वाटण्यासारखं आहे खरं. पण आम्ही राहतो मंडईच्या मागे, त्यामुळे पाट्यांचा खोडकर स्वभाव मला रोज दिसतो. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत 1886 मध्ये उभी राहिली ती रे मार्केट म्हणून, मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावानं. मार्केटवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं नगरपालिकेत ठणकावणारे सभासद होते जोतीराव फुले. आज ती महात्मा फुले मंडई आहे. ज्यांनी नको म्हटलं त्यांचं नाव बाजाराला, आणि ज्यांनी जन्मभर हवी म्हटलं त्यांचं नाव शाळेला नाही! मलिद्याची फळं आम्ही इथूनच आणतो. एलियाहू नबीच्या नावानं गोड पोह्यांभोवती ती मांडायची, म्हणून माझी आई प्रत्येक केळ्याचा देठ न्याहाळायची, पेरू फिरवून फिरवून बघायची. फळवाले मामा शेवटी म्हणायचे, “वहिनी, फळ घेताय की सून?”

माझगावला शिपायानं विचारलं, “ॲडमिशनसाठी आलात?” मी ‘नाही’ म्हणाले, आणि कारण नसताना ओढणी सारखी केली. इतकी वर्षं बाहेर काढली, तरी फाटकाच्या आत पाऊल पडताच मी पुन्हा उशिरा आलेली मुलगी झाले. लेक मात्र तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्याच्या ऐटीत चालत होती. 1948 नंतर आमची बहुतेक घरं इस्राएलला गेली. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीही एकेक करून गेल्या. आता वर्गांत मुख्यतः मुसलमान मुलं दिसतात. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका चिमुरडीनं लेकीला विचारलं, “नई आई है क्या?” आणि उत्तराची वाट न बघता तिला नळाजवळच्या रांगेत आपल्या पुढे जागा दिली. मी ज्या शाळेत नऊ महिने खपून ओळखी केल्या, तिथं हिचं पाणी पिण्याआधीच नाव नोंदलं गेलं.

परतीच्या गाडीत मी तिला रेबेका रुबेनबद्दल सांगितलं. त्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. 1905 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या, आणि 1922 ते 1950 आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. लेकीनं क्षणभर हिशेब केला. “म्हणजे आई, तुमची शाळा आमच्या शाळेनं चालवली.” तिनं निबंधात हेच वाक्य पहिलं घातलं, आणि माझ्या बालपणाची मालकी हुजूरपागेकडे गेली.

मला त्याचा राग आला नाही. शाळा कुणाची, हे पाटी सांगत नाही, पट सांगतो. आणि पटावर जो आज ‘हजर’ म्हणतो, त्याची ती. केहिमकरांना पोरांनी शिकायला हवं होतं. पोरं शिकताहेत.