टाइम ऑफिसातले मामा

जालन्याच्या एमआयडीसीत मामा नसलेला सळईचा कारखाना शोधून दाखवा. हुद्दा टाइमकीपर, बसायला गेटजवळची खोली, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि मस्टरखाली दडवलेली लाल डायरी. मालक त्यांना मामा म्हणतात, मालकांचा मुलगा मामा म्हणतो आणि काल छपऱ्याहून उतरलेला पोरगाही मामाच म्हणतो.

डायरीत हजेरी सोडून सगळं असतं. कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, कुणाच्या बापाला मोतीबिंदू झालाय, कोण राजूरच्या गणपतीला पायी जाणार आहे. तुम्ही साधं बिल घ्यायला गेलात तरी अर्धा तास तुमचंच गोत्र विचारतील. घाईत असाल तर पाऊण तास.

भट्टीत भंगार दीड हजार अंशांच्या वर वितळतं आणि बाहेर मे महिना वितळत असतो. असल्या कामाला माणूस मिळणं कठीण, टिकणं त्याहून. त्यात शेजारच्या मिलमध्ये रोजामागे पन्नास रुपये जास्त देतात, ही आवई दर पगाराला उठतेच. पोरगं हिशेब मागायला आलं की मामा आधी चहा सांगतात. "जा ना रे, कौन रोका? पन वहाँ का दाल पिया क्या? पानी है पानी!" मग त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी. कप रिकामा होईतो पोरगं मवाळ होतं. काही जण तरी जातातच. दोन महिन्यांनी तोंड पाडून परत आले, की मामा डायरी उघडतात. "नाव खोडायचंच होतं, पण पेन सापडला नाही."

छठपूजेला निम्मी मिल गावी निघते. मामा रजेला कधी नाही म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात आणि तिकिटं काढायला स्वतः बसतात. जायचं तिकीट पोराच्या हातात, यायचं त्याच्या आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर.

मध्यंतरी पुण्याहून एचआरच्या मॅडम आल्या. कामगारांचे वाढदिवस साजरे करायचं ठरलं. आधार कार्डांवरून यादी निघाली, तर निम्मा कारखाना १ जानेवारीचा आणि उरलेला १ जूनचा! "म्याडम," मामा म्हणाले, "आमची जन्मतारीख मास्तरनं ठरवलेली. केक राहू द्या, दुपारपाळीला ताक द्या." ताक सुरू झालं. त्याचं श्रेय मामा अजून वसूल करतात.

"बारवाल्यांनी १९६४ ला महिको काढली, तवापासून हे बियाण्याचं गाव," ते ऐकवतात. "नुसतं पेरून भागत नाही, खुरपावं लागतं, हे आम्हाला पुण्यानं शिकवू नये."

स्वतः मामा मात्र दर दिवाळीला राजीनामा देतात. "बस झालं, आता शेती बघतो." मालक कागद घेतात, शांतपणे खणात टाकतात, चहा सांगतात आणि मामींच्या गुडघ्यांची चौकशी करतात.