दिशादर्शकाची प्राणप्रतिष्ठा

मोटारसायकलवर उपग्रह दिशादर्शक बसवताना आधी जागा ठरवावी लागते. हँडलचा मध्य उत्तम. पण औंढा नागनाथच्या आसपास अनेक गाड्यांवर तिथे लिंबू-मिरची किंवा नागनाथाचे चित्र आधीच विराजमान असते. ते हलवण्याचा विषय नाजूक, म्हणून यंत्र आरशाच्या दांडीवर जाते. क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, म्हणजे थरथर कमी होते. यंत्राऐवजी मोबाइल लावणाऱ्यांनी तर हे विसरूच नये: मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलनेच 2021 मध्ये दिला होता.

मग वायरिंग. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी. मेकॅनिक ती सोडवत नाही, दातांनी वायर सोलतो आणि काळी चिकटपट्टी गुंडाळून मोकळा होतो. जोडणी इग्निशननंतरच्या वायरला हवी; थेट बॅटरीला दिली तर यंत्र रात्रभर घराचा पत्ता पाहत बसते आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो. बॅटरीजवळ फ्यूज आवश्यक. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वायर ताणली गेली, तर ती नेमकी वळणावर तुटते.

यानंतर पत्ता, आणि खरी परीक्षा इथेच. नुसते ‘नागेश्वर ज्योतिर्लिंग’ म्हटले तर यंत्र द्वारकेकडे नेऊ शकते. हे ज्योतिर्लिंग नेमके कोणते, यावर औंढा, द्वारका आणि उत्तराखंडातले जागेश्वर असा तिघांचा दावा आहे. शास्त्रार्थात न सुटलेला वाद यंत्र क्षणात निकाली काढते. पेट्रोल भक्ताचे जळते. घाईत ‘औंध’ उमटले तर पुणे आणि सातारा दोघेही टपलेले असतात. म्हणून ‘जिल्हा हिंगोली’ लिहावेच. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, हे औंढ्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी अजून मनावर घेतलेले नाही. यंत्राने घेतले आहे.

जागा ठरवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळ सांगतात. सापेक्षतेमुळे त्यांची घड्याळे पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात सुमारे 11 किलोमीटरची चूक साठेल. थोडक्यात, औंढ्याला पोहोचवण्यात आइन्स्टाइनचाही हात आहे. त्यानेच भाकीत केलेल्या गुरुत्वीय लहरी पकडण्यासाठी लायगो-इंडिया ही वेधशाळा औंढ्याजवळच उभी राहत आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटरच्या असतील.

होकायंत्र नसलेल्या यंत्राला गाडी उभी असताना दिशा कळत नाही, बाण कुठेही फिरतो. औंढ्यात हा दोष समजून घेतला जातो. नामदेवांना कीर्तनासाठी मागे जायला सांगितले तेव्हा अख्खे देऊळ फिरले, अशी इथली आख्यायिका. नंदी मागच्या बाजूला असल्याचे कारणही हेच देतात. गाभारा तळघरासारखा खाली, वाट अरुंद. तिथे उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही.

तरीही दर्शनाला जाताना यंत्र गाडीवर ठेवू नये. ते चोरीला गेले, तर कुठे गेले हे सांगणारे यंत्रही त्याच्याबरोबरच गेलेले असते.