पेइंग गेस्ट कोचीला गेला

पुण्यात वरची खोली भाड्याने देणं हे गंभीर प्रकरण असतं. मुलगा कुठला, जेवतो काय, रात्री किती वाजता येतो आणि मुख्य म्हणजे मैत्रिणी आणतो का, याची उलटतपासणी झाल्याशिवाय किल्ली हातात पडत नाही. घरातल्या मुलाची त्याच्याशी गट्टी जमली तर उलट बरंच वाटतं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही कादंबरी नेमकी या फटीतून आत शिरते. घरचा मुलगा तनय पाहुण्याच्या खोलीत पडीक असतो आणि घर निर्धास्त असतं. मग त्याची बहीण अनुजा त्याच पाहुण्याबरोबर निघून जाते आणि मग घराला जाग येते.

पाहुणा तिलाही सोडून गेल्यावर अनुजाच्या दुःखाला निदान रडारड, डॉक्टर, शेजारपाजारची कुजबुज, असं सगळं रीतसर मिळतं. तनयचंही तेच माणूस गेलेलं असतं, पण त्याला ‘तू जेवलास का’ यापलीकडे कोण काय विचारणार? कादंबरीचा खरा सल हा आहे. पहिला भाग तनयचा; तो गेलेल्या माणसाशीच ‘तू’ म्हणून बोलत राहतो. दुसरा म्हणजे अनुजाची डायरी. तिच्यात तोच माणूस ‘तो’ होऊन येतो आणि आपण मघाशी ओळखत होतो त्याच्यापेक्षा जरा वेगळाच निघतो. बहीणभावाची ही बोलणी एकमेकांच्या कानावर पडत नाहीत. ती जुळवायचं काम वाचकाच्या गळ्यात.

या कादंबरीवरच्या चित्रपटाची पटकथाही कुंडलकरांचीच. त्यामुळे ‘मूळ लेखकाला समजलंच नाही’ हा आपला हुकमी शेराही वापरता येत नाही. २०२२ साली नेटफ्लिक्सवर आला तेव्हा हे बिऱ्हाड पुण्याहून उठून १९९६ च्या फोर्ट कोचीत गेलेलं होतं. कुटुंब मराठीच, आई गीतांजली कुलकर्णी, पण बोलायचं बरंचसं हिंदी-इंग्रजीत. केरळात राहून मराठी आई मुलांवर हिंदीत रागावते हे मला शेवटपर्यंत पचलं नाही. दिसतं मात्र सगळं फार देखणं: ओल्या भिंती, पाणी, आणि जिथे जागा मिळेल तिथे निळा रंग. पुस्तकात तो निळा काळ्या शाईत छापलेला होता, तरी मला जास्त गडद वाटला होता.

पाहुण्याला नाव दोन्हीकडे नाही. पडद्यावर त्याला प्रतीक बब्बरचा चेहरा आहे. वाचताना ज्याने-त्याने आपापला चेहरा त्याला लावलेला असतो, आणि तो सहसा कोणाला सांगण्यासारखा नसतो. त्यापुढे कुठलाही नट थोडा परकाच वाटणार. नीलय मेहेंदळेचा तनय कोवळा आहे, छान आहे. त्याच्या एकाकी प्राध्यापकाला चित्रपटात बरीच जागा मिळाली आणि ती सार्थकी लागली. तनयचं उद्याचं आयुष्य कसं असू शकतं, हे त्या माणसाकडे नुसतं बघून कळतं.

तोटा झाला तो अनुजाचा. अर्धी कादंबरी जिच्या मालकीची, ती इथे हॉकी स्टिक घेऊन भावाच्या गोष्टीत येते-जाते. तिची डायरी गेली तशी त्या माणसाची दुसरी बाजूही गेली, आणि उरली ती एकाच मुलाची प्रेमकथा. हळवी आहे, पण निम्मी आहे.

चित्रपट बघितला असेल आणि पुस्तक राहिलं असेल, तर दुसऱ्या भागापासून वाचायला घ्या. तनयचं तुम्हाला निम्मंअधिक माहीत आहे. अनुजाचं अजून कोणी सांगितलेलं नाही.