राफेलकाका

नगरसारख्या लष्करी गावात, जिथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथे राफेल म्हटलं की लोक आभाळाकडे बघणारच. सावेडीतल्या आमच्या गल्लीत मात्र राफेल म्हणजे हिशेबखात्यातून निवृत्त झालेले समोरचे काका. ते स्वतः त्या इटालियन चित्रकाराला 'राफाएल' म्हणतात. आम्हीही त्यांच्यासमोर तसंच म्हणतो.

शाळेत इंटरमिजिएटला मिळालेल्या 'ए' ग्रेडच्या बळावर काकांनी साठीत तैलरंग हाती घेतले. कुणीतरी सुचवलं, आधी दोन वांगी न् एक तांब्या काढून बघा. काका म्हणाले, "शिकायचं तर थेट गुरूकडून." निवडलं ते 'मॅडोना देल्ला सेज्जोला', १५१३-१४च्या सुमाराचं. खुर्चीतली मेरी, मांडीवर गुटगुटीत येशू, शेजारी हात जोडून छोटा योहान. मूळ चित्र फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे आणि ते गोल आहे, व्यास ७१ सेंटिमीटर. एवढं गोल काकांच्या घरात एकच, काकूंची कार्याची परात. ती प्लायवूडवर उपडी घालून त्यांनी पेन्सिल फिरवली. राफाएलनं हे चित्र दारूच्या पिंपाच्या बुडावर काढलं अशी एक दंतकथा आहे. ती त्यांनी कौतुकानं ऐकवली, तेव्हा काकूंनी परात दोनदा घासली आणि माळ्यावर टाकली.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा; उलटं झालं तर भेगा. हे काकांना इतकं पटलं, की ते रंगवण्यापेक्षा वाळवण्यातच रमले. चित्र कुठवर आलं विचारा, उत्तर एकच, "वाळतंय." उन्हाळ्यात गच्चीवर एका बाजूला काकूंच्या कुरडया, दुसऱ्या बाजूला मॅडोना. कुरडया तीन दिवसांत डब्यात गेल्या.

आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. जूनमध्ये सगळं गाव ढगांकडे डोळे लावून बसतं, आणि काका हळूच म्हणतात, "अजून पंधरा दिवस थांबला असता, तर बरं झालं असतं." हळूच, कारण शेजारच्यांची शेती पाथर्डीला.

जुने इटालियन चित्रकार कातडीच्या रंगाखाली हिरव्या मातीचा थर देत. त्यावर गुलाबी चढला की अंग जिवंत दिसतं. काकांनी तिघांनाही हिरवं केलं. त्याला आता तीन वर्षं झाली. गुलाबी अजून ट्यूबमध्येच आहे.

गेल्या नाताळात ह्यूम मेमोरियल चर्चमधून परतताना कोपऱ्यावरच्या मावशी केक घेऊन आल्या. नगरात अमेरिकन मिशन आलं १८३१ साली; तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांनी येशूबाळाची कितीतरी चित्रं पाहिली असतील. मावशी या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बाळाला बरं नाहीये का?"

काकांनी लगेच मोबाइल काढला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं मायकेलअँजेलोचं अपुरं चित्र, 'मँचेस्टर मॅडोना'. डावीकडचे दोन देवदूत हिरवट खुणांवरच थांबलेले. "बघा! पाचशे वर्षं झाली. त्याला कुणी विचारलं, कधी पुरं करणार म्हणून?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "त्याचं लग्न झालं नव्हतं."