डॉक्टरचा चित्रगुप्त

इंग्लंडात जावं तिथे या जातीचा एक तरी माणूस भेटतोच. वय पन्नाशीपुढचं, गळ्यात भर उन्हाळ्यातही 'डॉक्टर हू' मालिकेतल्या टॉम बेकरसारखा लांबलचक मफलर. स्वतःच्या लग्नाची तारीख तो बायकोला विचारतो. पण बीबीसीवर 'डॉक्टर हू' 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली आणि त्या दिवशी शनिवार होता, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल.

या मालिकेचा नायक, म्हणजे डॉक्टर, मरायला टेकला की नव्या शरीरात उतरतो. विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, म्हणून 1966 साली काढलेली ही तोड. मालिकेला नवे नट मिळत गेले आणि आमच्या या चित्रगुप्ताला जन्माची नोकरी लागली. 1976 साली एका कथेने बारा कायापालटांची मर्यादा घातली. ते बारा 2013 मध्ये संपले, तेव्हा नाताळच्या भागात नवा साठा मंजूर झाला. मंजूर बीबीसीने केला. याची सही अजून व्हायची आहे.

वयाचा घोळ तर विचारू नका. 1987 साली डॉक्टर 953 वर्षांचा होता, 2005 मध्ये 900 चा. लेखकांनी जुनं दप्तर उघडलं नसेल, असं आपण म्हणू. हा म्हणणार नाही. डॉक्टर वय चोरतो, त्याच्या ग्रहावरचं वर्ष वेगळं असतं, मधल्या युद्धात मोजणी राहून गेली, असे तीन खुलासे तो देईल. ते एकमेकांशी जुळत नाहीत हे दाखवलंत, तर चौथा.

अटलांटिस या मालिकेत तीनदा बुडालं: 1967, 1971 आणि 1972 च्या कथांत, दर वेळी निराळ्या कारणाने. शेवटच्या दोन्ही कथांच्या लेखनात तर रॉबर्ट स्लोमन होतेच! हे सांगताना त्याचा आवाज चढतो, पण चेहरा पाहा. काय खुलतो! सगळा हिशेब चोख लागला असता, तर या माणसाने शनिवारची संध्याकाळ कशात घालवली असती?

क्रिस चिबनॉलचं नाव मात्र त्याच्यासमोर जपून काढावं. 1986 साली हा किशोरवयीन चाहता बीबीसीच्याच एका कार्यक्रमात आला आणि मालिकेच्या लेखकांना त्याने तोंडावर नावं ठेवली. पुढे मालिकेची सूत्रं त्याच्याच हाती आली आणि 2020 मध्ये त्याने जाहीर केलं, की हार्टनेल हा पहिला डॉक्टर नव्हेच. त्याआधी कितीतरी जन्म होऊन गेलेत. चित्रगुप्ताची सगळी वही एका रात्रीत बाद! 'आपल्यातलाच होता हो,' एवढंच तो म्हणतो.

मी विचारलं, 'उद्या तुमच्या हाती मालिका दिली, तर पहिली कथा कुठली लिहाल?'

त्याने दोन्हीकडे पाहून मफलर सारखा केला.

'अटलांटिस खरं कसं बुडालं, त्याची.'